चार सेकंद उशिरा

नॉर्वेतल्या आइस हॉकीत जी दुसऱ्या नंबरची पायरी आहे, तिला पहिली डिव्हिजन म्हणतात. दुसऱ्याला पहिला म्हटल्यानं कोणाचं काही बिघडत नाही, आणि टॉर्स्मोसारख्या गावाला वर्षभर छाती पुढे काढून हिंडता येतं. खरी पहिली पायरी तिच्या वर आहे. तिथं टीव्हीचे कॅमेरे असतात, मऊ खुर्च्या असतात आणि खेळाडूंच्या तोंडात सगळे दात असतात, अशी टॉर्स्मोत बोलवा आहे. वर जायची पाळी टॉर्स्मोच्या क्लबावर कधी आली नाही. खाली घसरायची पाळी मात्र दर मार्चात येते, आणि दर मार्चात गाव नव्यानं हादरतं.

या वर्षी ती पाळी अगदी उंबऱ्यापर्यंत आली होती. शेवटचा सामना रविवारी दुपारी दोनला, घरच्या बर्फाच्या रिंकवर, हॉल्विकच्या संघाशी. जिंकलं तर राहिलं. नाहीतर थेट खालच्या डिव्हिजनमध्ये, जिथं दंतवैद्य आणि शाळामास्तर पोट कमी करायला म्हणून खेळतात.

हालवोर ब्रेकहूसला या सामन्याची धास्ती गावातल्या कुणाहीपेक्षा जास्त होती, आणि ती हॉकीपायी मुळीच नव्हती.

हालवोर सहासष्ट वर्षांचा, लाकूड कापायच्या गिरणीतून रिटायर झालेला. गेली बावीस वर्षं तो टॉर्स्मोच्या पेनल्टी बॉक्सचं दार उघडत होता. काम एवढंच, की आपल्या खेळाडूनं कुणाला काठीनं हाणलं की पंच त्याला दोन मिनिटांसाठी काचेच्या त्या पिंजऱ्यात धाडतो. त्याला आत घ्यायचं, कडी लावायची आणि शिक्षा संपली की त्याच सेकंदाला कडी काढून बर्फावर सोडायचं. याला पगार नाही, हे दुग्नाद. दुग्नाद म्हणजे सगळ्यांनी मिळून फुकट राबायचं आणि वर आपल्याला त्यात मजा येतेय असा चेहरा ठेवायचा. कोणी वाफलच्या जाळीदार पोळ्या भाजतं, कोणी तिकिटं फाडतं, कोणी क्लबासाठी दारोदार टॉयलेट पेपरचे गठ्ठे विकत हिंडतं. दुग्नादच्या यादीतून आपलं नाव काढून घेणं या गावात बायको सोडण्यापेक्षा वाईट समजतात. बायको सोडलेले दोघे जण क्लबाच्या कमिटीवर आहेत.

हालवोर आपलं काम मनापासून करायचा. शेवटची पाच सेकंदं उरली की मोठ्यानं उलटे आकडे म्हणायचा, "पाच, चार, तीन, दोन, एक," आणि "जा, आता शहाण्यासारखा वाग," म्हणत दार उघडायचा. बावीस वर्षांत एकही खेळाडू शहाण्यासारखा वागल्याची नोंद नाही.

पाहुण्यांच्या पिंजऱ्याचं दार उघडायला त्याचा थोरला भाऊ एंब्रिक असायचा. एंब्रिकनं सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नलवर काढलेली, त्यामुळे त्याला मोजावं वगैरे लागत नसे. घड्याळात शून्य लागणं आणि एंब्रिकची कडी वाजणं या दोन गोष्टी एकदमच व्हायच्या. दोन पिंजऱ्यांच्या मधे टेबल, आणि टेबलाशी सॉल्फ्रिड. ही शाळेची रिटायर झालेली मुख्याध्यापिका. घड्याळ तीच चालवायची, आणि गोल कोणी केला ते माइकवरून गावाला तीच सांगायची. तिच्या गळ्यात आणखी एक काम पडलं होतं, ते यादीत कुठं लिहिलेलं नव्हतं. दोघा भावांचा अकरा वर्षांचा अबोला होता, आणि जे काही बोलायचं ते तिच्यामार्फत.

"सॉल्फ्रिड, एंब्रिकला सांग, त्याच्या थर्मासचं झाकण माझ्या पायाशी आलंय घरंगळत."

"एंब्रिक, तुझं झाकण तिकडं गेलंय."

"त्याला म्हणावं, दे."

"तो म्हणतोय, दे."

"ऐकलं मी. बहिरा नाहीये."

"मग मी मधे कशाला?" सॉल्फ्रिड विचारायची.

मग दोघेही मन लावून बर्फाकडे बघत बसायचे.

भांडण झालं ते डोंगरातल्या कुटीवरून. जगात इतरत्र भाऊ जमिनीवरून, दागिन्यांवरून एकमेकांच्या जिवावर उठतात. इथं दोन चांगली शिकलीसवरलेली माणसं भांडी धुण्याच्या यंत्रावरून तुटली. कुटी वडिलांची, त्यांच्यामागं दोघांची. तिथं वीज नव्हती, नळ नव्हता, संडास पन्नास पावलं लांब, आणि उणे वीसमध्ये तिथवर चालत गेल्यानं माणसाचं चारित्र्य घडतं असं वडिलांचं ठाम मत होतं. एंब्रिकनं एका उन्हाळ्यात वीज घेतली, नळ घेतला, संडास घरात आणला आणि स्वयंपाकघरात भांडी धुण्याचं यंत्र बसवलं. विचारलं कुणाला नाही. पुढच्या ईस्टरला हालवोर वर गेला, दारातच त्यानं यंत्राची घरघर ऐकली आणि म्हणाला, "हे इथून जाईपर्यंत मी या घरात पाऊल ठेवणार नाही."

"नको ठेवूस," एंब्रिक म्हणाला.

झालं. ब्रेकहूस घराण्यात याला कडाक्याचं भांडण म्हणतात. दोघांनी मिळून डझनभर शब्द खर्च केले, आणि ते अकरा वर्षं पुरले.

मात्र रिंकवरची जागा दोघांपैकी एकानंही सोडली नाही. आपण का म्हणून सोडायची, त्याला लाज असेल तर तो सोडेल, असा प्रत्येकाचा हिशेब. म्हणून ऑक्टोबर ते मार्च, दर घरच्या सामन्याला, दोघे भाऊ एकमेकांपासून तीन मीटरवर येऊन बसत. हालवोरची बायको गेली त्याला सहा वर्षं झाली. एंब्रिक तेव्हा चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून गेला होता. त्यानंतरच्या पहिल्या सामन्याला, दुसऱ्या विश्रांतीत, तो घसा खाकरून म्हणाला, "सॉल्फ्रिड, त्याला सांग, मला फार वाईट वाटलं." सॉल्फ्रिडनं सांगितलं. हालवोरनं काचेकडे बघत "पोचलं म्हणून सांग" म्हटलं. तिनं तेही सांगितलं, आणि मग नाक शिंकरायला म्हणून टेबलाखाली वाकली.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना फेब्रुवारीच्या सभेत क्लबाचा अध्यक्ष रोआर उभा राहिला. रोआर घरातसुद्धा सायकलचं हेल्मेट काढायला विसरणारा माणूस. त्याला काटकसरीची फार हौस, विशेषतः दुसऱ्यांच्या.

"खाली गेलो," रोआर म्हणाला, "तर यादी आटोपशीर करावी लागेल. तिथं बघायला चाळीस माणसं आली तर डोक्यावरून पाणी. दोन दारांना दोन माणसं ही चैन आहे. एकच माणूस दोन्ही दारं बघेल. हालवोर, एंब्रिक, तुमच्यातलं कोण राहणार ते तुम्ही आपसात बोलून ठरवा."

'आपसात बोलून' हे शब्द ऐकल्यावर सभेतल्या तेवीस माणसांनी आपापल्या कॉफीच्या कपात बघितलं.

त्या दिवसापासून हालवोरची झोप उडाली. दोघांतला एक गेला की संपलं. रस्त्यात भेटलं तर ओळख दाखवायची नाही, हे दोघांनी इतकं नेटानं पाळलं होतं की आता ते मोडायचं कसं हेच कुणाला येत नव्हतं. पुन्हा एका छपराखाली बसायचा योग येणार तो चर्चमध्ये, आणि त्या वेळी दोघांतला एक जण आडवा असणार. हालवोरला भाऊ हवा होता. न बोलणारा, तीन मीटर लांब बसलेला, चुकीच्या घरात चुकीचं यंत्र बसवणारा, पण हवा होता. हे सांगणार कुणाला? जे काही सांगायचं ते सॉल्फ्रिडला सांगायची सवय, आणि हे तिला सांगितलं असतं तर तिनं सवयीनं पलीकडे पोचवलं असतं.

रविवारी तीनशे बारा माणसं आली. एरवीच्या दुप्पट. त्यातली निम्मी क्लब बुडताना आपल्या डोळ्यांनी बघता यावा म्हणून आलेली होती, असं म्हणणं वाईट दिसेल, पण ती आधीच्या अकरा सामन्यांना फिरकली नव्हती हे खरं. सगळ्यांनी बुडाखाली आपापलं फोमचं चौकोनी आसन घेतलं, हातात तपकिरी चीज घातलेलं वाफल घेतलं आणि दु:खाची तयारी केली. बाहेर बर्फ वितळून चिखल झाला होता. आत मात्र नेहमीसारखा बाहेरपेक्षा जास्त गारठा. गुणफलकावर पाहुण्यांच्या बाजूचा एक दिवा गेलेला आहे, त्यामुळे त्यांचे आठ गोल सहा दिसतात. तो दिवा बदलायला कोणाला वेळ मिळालेला नाही, बारा वर्षं झाली.

सामना रडतखडत चालला होता. टॉर्स्मोचा स्टियान चार वेळा हालवोरच्या पिंजऱ्यात येऊन गेला.

"मी काही केलं नाही," चौथ्यांदा बसताना तो म्हणाला.

"तो स्ट्रेचरवरून आपल्या हौसेनं गेला का?"

"मी नुसता तिथं उभा होतो. तोच आला माझ्या काठीवर."

"पाणी पी. आणि आज तरी डोकं ताळ्यावर ठेव, बाबा."

"तुला एवढं काय पडलंय? तुला तर हॉकीतलं काही कळत नाही."

"मला दारातलं कळतं," हालवोर म्हणाला. "पाच, चार, तीन, दोन, एक. जा."

दोन-दोन अशी बरोबरी होती. तीन मिनिटं उरली असताना हॉल्विकच्या बचावपटूनं, ज्याला दारातून वाकून आत यावं लागायचं एवढा तो उंच, आपल्या गोलासमोर टॉर्स्मोच्या एकाला पायात काठी घालून आडवं केलं. दोन मिनिटं. तो धडधडत एंब्रिकच्या पिंजऱ्यात जाऊन बसला, एंब्रिकनं कडी लावली, सॉल्फ्रिडनं घड्याळ सोडलं.

आता टॉर्स्मोचे पाच आणि हॉल्विकचे चार. सामना जिंकायला याहून बरी संधी देवसुद्धा देत नाही. टॉर्स्मोच्या पाच जणांनी तिचं सोनं करायचं सोडून पहिलं दीड मिनिट ती चेंडूच्या जागी असते ती रबरी चकती एकमेकांना आग्रहानं वाढली. कोणी मारलीच तर खांबावर, नाहीतर गोलकीपरच्या पोटात. तीनशे बारा माणसांनी वाफल खायचं थांबवलं.  हालवोर पाहुण्यांच्या शिक्षेचेही आकडे मनात मोजत होता, सवय म्हणून. पाच, चार, तीन, दोन, एक.

शून्य. आणि कडी वाजली नाही.

बावीस वर्षं ज्या क्षणी जो आवाज ऐकला तो आला नाही, तेव्हा हालवोरचं डोकं आपोआप वळलं. एंब्रिक ताठ बसला होता. त्यानं हातमोजा काढला होता, अंगठा कडीवर घट्ट दाबलेला होता आणि नजर समोर बर्फावर होती. उंच बचावपटू उठून काचेवर काठी आपटत होता.

"दार! अरे म्हाताऱ्या, दार!"

एक सेकंद. दोन. एंब्रिकचा अंगठा पांढरा पडला होता. तीन. बर्फावर स्टियाननं डोळे मिटून, निदान लांबून तसं दिसलं, चकतीला एक फटका हाणला. चार. चकती जाळ्यात. मग एंब्रिकनं कडी काढली, आणि तो ताडमाड माणूस दारातून बर्फावर जवळजवळ पालथाच पडला.

गाव वेडंपिसं झालं. म्हणजे माणसं जागची उठली, आणि काहींनी तर अनोळखी माणसाच्या नजरेला नजरही दिली.

पंच एव्हाना टेबलाशी आला होता. आठवडाभर शेजारच्या गावात नळ दुरुस्त करणारा, शांत डोक्याचा माणूस. त्याच्यामागून हॉल्विकचा प्रशिक्षक आपल्या बाकावर उभा राहून ओरडत होता. सॉल्फ्रिडनं गोल जाहीर करायला माइकचं बटण दाबलं होतं आणि ते तसंच राहिलं होतं.

"दार उशिरा का उघडलं?" पंचानं एंब्रिकला विचारलं.

 एंब्रिकची मान खाली गेली होती. ती मान खाली गेलेली हालवोरनं आयुष्यात दोनदाच पाहिली होती, दोन्ही वेळा आई-बाबांच्या कबरीशी.

"कडी अडकली," हालवोर म्हणाला. "थंडीत अडकते ती. मी नगरपालिकेला दोनदा लिहिलंय."

त्यानं कोणालाही काहीही लिहिलं नव्हतं. सहासष्ट वर्षांत करात, गिरणीत किंवा बायकोशी जो माणूस खोटं बोलला नाही, तो तीनशे बारा माणसांसमोर, उघड्या माइकवर, धडधडीत खोटं बोलला. आणि ते दोन सेकंदसुद्धा टिकलं नाही.

"खोटं बोलतोय तो," एंब्रिक म्हणाला. "कडी अडकली नाही. मी धरून ठेवली."

हालवोर टेबलावर ओणवा होऊन त्याच्याकडे वळला. "तू गप्प बस. मी तुझ्यासाठी खोटं बोलतोय."

"मी सांगितलं होतं?"

"तू कधी काय सांगतोस? नळ घेतला तेव्हा सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"मग? म्हणालोच असतो."

सगळं गाव ऐकत होतं. अकरा वर्षांत एंब्रिक हालवोरशी थेट, मधे कोणी न घेता, असा पहिल्यांदाच बोलत होता, आणि सुरुवात केली होती ती त्याला खोटारडा म्हणून. बटण बंद करायला सॉल्फ्रिडचा हात पुढे झाला आणि तिनं तो मागे घेतला. एकदाचं तिला या दोघांच्या मधे पडावं लागत नव्हतं.

पंचानं खिशातून नियमांचं पुस्तक काढलं, मोजा दातानं ओढला, पानं उलटली, पुन्हा उलटली.

"लवकर उघडलं तर काय, ते लिहिलंय," तो शेवटी म्हणाला. "खेळाडूनं परत आत जायचं आणि उरलेला वेळ बसायचं. उशिरा उघडलं तर काय, ते मला तरी कुठं सापडत नाही." त्यानं एंब्रिककडे बघितलं. "मुद्दाम कोणी असं करेल आणि वर स्वतःच सांगेल, हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलं नसेल. गोल धरला."

म्हणजे एकाचं खोटं बोलणं फुकट गेलं आणि दुसऱ्याचं खरं बोलणंही. टॉर्स्मो तीन-दोननं जिंकलं आणि दुसऱ्या नंबरच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये राहिलं. दोन दारं राहिली, दोन माणसं राहिली. हालवोरच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यानं वळून बघितलं तेव्हा एंब्रिक आपलं फोमचं आसन घडी करून निघून गेला होता. थर्मास टेबलावरच राहिला होता.

बुधवारी पुढच्या हंगामाची यादी वाफलच्या खिडकीशेजारी लागली. 'पाहुण्यांचं दार' याच्यापुढं एंब्रिकचं नाव होतं आणि त्यावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारलेली होती. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'कडी धरणाऱ्याच्या हाती दार देऊ नये. ए. ब्रे.'

गाव हबकलं. कोणी त्याला दोष दिला नव्हता. उलट रोआर त्याच्यासाठी बदामाचा केक करायला सांगणार होता, वर साखरेची छोटी कडी काढून. गावाला बेइमानीचं काही वावडं नव्हतं, फक्त ती आपल्या बाजूनं झालेली असावी एवढीच अट होती. पण एंब्रिकनं चाळीस वर्षं सिग्नल पाळले होते. त्यानं स्वतःला स्वतःच शिक्षा केली आणि ती किती मिनिटांची ते लिहिलं नाही.

हालवोर यादीपुढं बराच वेळ उभा राहिला. मग खिडकीत वाफलच्या पिठाच्या पिशव्या मोजून ठेवणाऱ्या सॉल्फ्रिडकडे गेला.

"एंब्रिकला सांग..."

"नाही," सॉल्फ्रिड म्हणाली.

"ऐकून तर घे."

"मी आता फक्त घड्याळ. सगळ्या गावासमोर माइकवर बोलता येतं, तर घरी जाऊनही येईल."

"तो कुटीवर गेलाय. ईस्टरपर्यंत तिथंच असणार. आणि तिथं ते यंत्र आहे."

"हालवोर, चाळीस वर्षं मी मुलं शिकवली. तुझ्याइतकं गाढव एकही नव्हतं." तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. "त्यानं कडी का धरली, विचारलंस का स्वतःला?"

"क्लबासाठी. सगळे तेच म्हणतायत."

"एंब्रिकला क्लबाचं काय पडलंय? त्याला हॉकी आवडत नाही. ऑफसाइड म्हणजे काय ते मला अजून दर सामन्याला विचारतो. स्कीइंगची शर्यत टीव्हीवर सोडून बावीस वर्षं तो त्या गारठ्यात येऊन बसतो. काय बघायला येत असेल?"

हालवोर यादीकडे वळला. त्यानं ती भिंतीवरून टाचण्यांसकट उपटून घेतली आणि घडी करून खिशात घातली. क्लबाची यादी भिंतीवरून काढणं हा गुन्हाच. तिनं बघितलं आणि पुन्हा पिशव्या मोजायला घेतल्या.

ईस्टरच्या आदल्या शुक्रवारी तो निघाला. रस्ता संपतो तिथं गाडी लावली, स्की चढवल्या आणि उरलेला चढ चढला. पाठीवरच्या पिशवीत संत्री होती, एंब्रिकचा थर्मास होता आणि यादी होती. अकरा वर्षांत झाडं वाढली होती. संडासाचं छप्पर कुणीतरी नव्यानं शाकारलेलं दिसलं. वापरात नसलेल्या संडासाला एंब्रिकनं नवं छप्पर घातलं होतं, हे बघून हालवोर क्षणभर थांबला. कुटीच्या धुराड्यातून धूर येत होता. आतून ती घरघरही येत होती.

त्यानं स्की उतरवल्या आणि दार ठोठावलं. घरघर चालू राहिली, पण आत पावलं थांबली.

"कोण?"

"तुला माहितेय कोण."



"यंत्र आहे अजून," आतून एंब्रिक म्हणाला.

"ऐकू येतंय."

"मी काढणार नाही ते."

"काढ म्हटलं का मी? यादी आणलीय. तुझं नाव परत लिही."

"मी कडी धरली, हालवोर."

"चार सेकंद."

"चार काय आणि चाळीस काय. धरली ना."

हालवोरनं हातमोज्यानं नाक पुसलं. "आपल्या बॉक्समध्ये मी सगळ्यात मोठी शिक्षा पाहिली ती पंचवीस मिनिटांची. त्या माणसानं पंचाचे दोन दात पाडले होते. आपण दोघं अकरा वर्षं बसलो. भांडी धुण्याच्या यंत्रापायी. आणि तुला चार सेकंदांची पडलीय."

दार उघडलं नाही. आत यंत्राचं पाणी एकीकडून दुसरीकडे गेलं. हालवोरचे पाय गारठत चालले होते. एवढं बोलणं त्यानं वर्षभरात मिळून केलं नव्हतं, आणि आता त्याच्याजवळचं संपलं होतं. बंद दारापुढं काय करायचं असतं ते त्याला एकच ठाऊक होतं.

"पाच," तो मोठ्यानं म्हणाला.

आत काही हललं नाही.

"चार."

 त्यानं घसा खाकरला.

"तीन."

कडी वाजली. दारात एंब्रिक उभा होता, पायांत लोकरीचे मोजे, खांद्यावर भांडी पुसायचं फडकं. यंत्र असताना फडकं कशाला, असं हालवोरच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तो वेगळंच बोलला.

"लवकर उघडलंस. दोन सेकंदं बाकी होती."

"हो," एंब्रिक म्हणाला. "लवकर उघडलं तर काय लिहिलंय पुस्तकात?"

"परत आत जायचं. उरलेला वेळ बसायचं."

"मग ये की. गारवा शिरतोय घरात."

हालवोर बूट काढायला उंबऱ्याशी वाकला. नाड्या साध्याच होत्या, पण त्या सोडवायला त्याला फार वेळ लागला, आणि तेवढा वेळ एंब्रिक दार धरून उभा राहिला.